बंदुकीची गवसणी

बॉनमध्ये मी ज्यांच्या घरी चार वर्षं भाड्यानं राहिलो, ते माझे घरमालक दर रविवारी खांद्याला बंदूक लावून प्रेक्षणीय स्थळं बघायला जायचे. हे वाक्य मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. ऐकणारा हसतो आणि "मग?" म्हणतो. मी दोन-चार गमती सांगतो आणि चहाचा विषय काढतो, कारण त्या "मग"च्या पुढे जे आहे त्यात मी फारसा शोभून दिसत नाही. आता वय झालं, शोभून दिसण्याची हौस फिटली, म्हणून सगळंच सांगून टाकतो.

आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि कोलोनला शिकणारा माझा एक नागपूरकर मित्र. पन्नासच्या दशकात त्या भागात मराठी बोलणारं दुसरं माणूस मला माहीत नव्हतं. सुभेदार लष्करात कधीच नव्हते. त्यांचा सगळा जन्म टपालखात्यात पत्रांवर शिक्के मारण्यात गेला होता. पण सहा फुटांची ताठ मूर्ती, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि ती बंदूक, यांना दुसरं नाव शोभलं नसतं.

खोली बघायला गेलो त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळत बसले होते. मी दारातच थबकलो. मी मिरजेचा. आमच्या घरात शस्त्र म्हणाल तर विळी. खंडेनवमीला लोक तलवारी पुजतात, आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि वडिलांचं फाउंटन पेन पाटावर मांडलं जायचं.

"विचारा ना," ते म्हणाले.

"काय?"

"भरलेली आहे का, ते. सगळे विचारतात."

मी विचारलं. त्यांनी लगेच हात पुसले, कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. "प्रथम कागद, मग बंदूक," ते म्हणाले. तो पोलीस ठाण्याचा दाखला होता, त्यांच्या भाषेत बेशायनिगुंग. नळीच्या मुळाशी शिसं ओतून ती कायमची बंद केली आहे, या बंदुकीतून आता गोळी उडू शकत नाही, धारकाने ती बाळगण्यास हरकत नाही, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली गोल शिक्का. घड्यांवर कागद झिजला होता, मागून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मी वाचून होईपर्यंत ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी मला बंदूक हातात दिली, मग कॉफी दिली आणि मग खोली. त्या क्षणापासून ते मला "हेर डॉक्टर", म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणू लागले. मी रसायनशास्त्राचा डॉक्टर व्हायला अजून चार वर्षं होती, पण ते ऐकेनात.

बंदूक त्यांच्या गावच्या नेमबाज मंडळाची होती. तिकडे खेडोपाडी अशी मंडळं असतात. वर्षातून एकदा उंच काठीवर लाकडी पक्षी बसवतात आणि पाळीपाळीनं गोळ्या झाडतात. ज्याच्या गोळीनं पक्ष्याचा शेवटचा तुकडा पडतो, तो वर्षभर मंडळाचा राजा आणि त्याची बायको राणी. दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या नळीत फूल खोचून वाजतगाजत मिरवणूक निघते. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सुभेदारांनी तो पक्षी पाडला होता. मग लढाई आली, आणि नंतर ना मंडळ राहिलं ना गावात ओळखीचं कुणी. "पुढचा राजा निवडलाच गेला नाही," ते म्हणायचे. "आल्झो, म्हणजे मग, नियमाप्रमाणे अजून मीच आहे." राणी लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गेली. तिच्याबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी हिरवा कोट, हिरवी टोपी, खांद्याला बंदूक आणि नळीत फूल अशा थाटात ते निघायचे. बंदूक घेतलेला माणूस एरवी रानाकडे जातो, हे गर्दीकडे जायचे. जिथे तिकिटं, रांगा आणि पोलीस असतील तिथे हमखास. कोलोनच्या कॅथेड्रलच्या दारात लाल झग्यातला रखवालदार त्यांना अडवायचा. आत हत्यार नेता येत नाही म्हणायचा. सुभेदार कागद दाखवायचे. तो म्हणायचा, कागद ठीक आहे पण बंदूक बाहेर. मग सुभेदार बंदूक त्याच्याच हातात द्यायचे, आत जाऊन दोन मिनिटांत एक मेणबत्ती लावायचे आणि बाहेर येऊन अर्धा तास रखवालदाराशी गप्पा मारायचे. दर वेळी हेच. मी एकदा बरोबर होतो तेव्हा तो रखवालदार झगा सावरत, नळीतलं फूल पडू नये म्हणून बंदूक अगदी सरळ धरून उभा होता. हा प्रसंग मी नागपूरकराला नक्कल करून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्यांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे केनिग्सविंटरचा ड्राखेनफेल्स. बॉनहून ट्रामनं जायचं, मग दातेरी रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं डोंगरावर. वरून ऱ्हाईन नदीचं जे वळण दिसतं ते बघायला लोक समुद्र ओलांडून येतात. सुभेदार तिथे कठड्याला टेकून नदीकडे पाठ करून उभे राहायचे. त्यांचं तोंड लोकांकडे. कुणी बायका कुजबुजायच्या, कुणी पोरगं आईचा हात सोडवून पुढे यायचं आणि विचारायचं, खरी आहे का. की सुभेदारांचा हात आतल्या खिशाकडे. प्रथम कागद, मग बंदूक, मग लाकडी पक्षी, मग राजेपण. खाली स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत बसणारी बाई तर त्यांना महाराज म्हणायची. "महाराज, आज भरलेली आहे का?" ती विचारायची, आणि तेही तिला कागद दाखवायचे. तिला तो पाठ झाला असणार.

आता घरातलं सांगतो. सोमवार ते शनिवार त्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी रेडिओवर बातम्या सुरू व्हायच्या, निवेदक "गुटन आबेंट", शुभ संध्याकाळ, म्हणायचा, आणि सुभेदार स्वयंपाकघरात उभे राहून त्याला "गुटन आबेंट" म्हणायचे. मी जिन्यातून हे पुष्कळदा ऐकलं. याचीही मी नक्कल केलेली आहे. आणि त्यांनी मला कॉफीला थांबवू नये म्हणून मी बूट हातात घेऊन जिना चढायचो. माझा प्रबंध होता, जर्मन बोलून बोलून जबडा दुखायचा, असली कारणं माझ्याजवळ तयार असायची. तसं बघितलं तर मीही एकटाच होतो. आंघोळ करताना स्वतःशी मराठीत बोलायचो, नाहीतर आठवडाभर कानावर मराठी शब्द पडायचा नाही. पण दोन एकटी माणसं एका छपराखाली राहिली म्हणजे सोबत होतेच असं नाही.

पहिल्या वर्षी मात्र मी त्यांच्याबरोबर पाच-सहा रविवार गेलो होतो. शेवटच्या खेपेला ऱ्हाईनच्या काठच्या एका किल्ल्यात नवा पोलीस होता. त्यानं सुभेदारांचा कागद नीट वाचला, सलाम ठोकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही?" मी पासपोर्ट काढला. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, नवा शिक्का व्हायचा होता. त्यानं पानं उलटली, तारीख बघितली, सौजन्यानं परत दिला. एवढंच झालं. पण खिशात परत ठेवताना पासपोर्ट माझ्या हातून दोनदा खाली पडला आणि सुभेदारांनी ते पाहिलं. परतताना ट्राममध्ये त्यांनी नळीतलं फूल काढून खिशात घातलं. पुढच्या रविवारी मी प्रयोगशाळेत काम आहे म्हणालो.

मग मी एक उपाय काढला, आणि तो फक्त मिरजेच्या माणसालाच सुचला असता. आमचं गाव तंबोऱ्यांचं. आमच्या घरात उघडी वस्तू राहातच नाही. तंबोऱ्याला गवसणी, पेटीला खोळ, रेडिओला झालर, छत्रीलासुद्धा पिशवी. मी विचार केला, बंदुकीला गवसणी घातली की प्रश्नच मिटला. कुणी अडवणार नाही, कुणी कागद मागणार नाही, म्हाताऱ्याला त्रास नाही. म्हाताऱ्याला त्रास नाही, हे मी स्वतःला सांगत होतो. सुभेदार आंघोळीला गेले असताना मी सुतळीनं बंदुकीची लांबी घेतली, जाडीच्या जागी गाठी मारल्या आणि ती सुतळी पाकिटात घालून आईला पाठवली. घरमालकांच्या वाद्यासाठी गवसणी हवी, असं लिहिलं. बंदूक लिहिलं असतं तर तिनं मला पुढच्या बोटीनं परत बोलावलं असतं.

आईचं उत्तर आलं, "वाद्य कुठलं ते कळेना. सनईपेक्षा लांब आणि सारंगीपेक्षा बारीक. असो. त्यांना म्हणावं, रोज वाजवत जा, गवसणीत ठेवलेलं वाद्य रुसतं." तीन महिन्यांनी गवसणी आली. आईच्या जुन्या इरकली लुगड्याची, आतून कापसाचं अस्तर, तोंडाशी नाडी, आणि बाजूला तारा ठेवायला एक खिसा.

नाताळात मी ती सुभेदारांना दिली. आईनं शिवली म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. लुगड्याच्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं. "भारतातून?" त्यांनी विचारलं. मी "जा" म्हटलं, त्यांच्या भाषेतलं हो. त्यांनी बंदूक आत सरकवली, ती अगदी बेतशीर बसली. मग तारांच्या खिशाकडे बघून त्यांनी कोटातून कागद काढला आणि त्या खिशात ठेवला. "गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर. "सगळं एका ठिकाणी."

पुढच्या रविवारी ते गवसणी खांद्याला लावून निघाले. जाताना जिन्याशी थांबून माझ्या उघड्या दाराकडे बघत होते. मी खिडकीशी लिहीत बसलो होतो, हात हलवला. ते संध्याकाळच्या ऐवजी दुपारीच परत आले. कसा गेला दिवस, मी विचारलं. "रूहिग," ते म्हणाले. शांत. मला बरं वाटलं. त्यापुढच्या रविवारीही रूहिग. मग ते जानेवारीतल्या बर्फानंतर जाईनासेच झाले. गुडघा दुखतो म्हणाले. तेही मला खरं वाटलं, कारण ते सोयीचं होतं.

वसंतात नागपूरकर आला. आम्ही दोघं ड्राखेनफेल्सला गेलो. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं मला ओळखलं. "महाराज गेले का हो?" तिनं हळूच विचारलं. "ऐकून वाईट वाटलं."

मी म्हणालो, ते घरी आहेत, गुडघा दुखतो, आणि जानेवारीपर्यंत तर येतच होते.

"नाही हो. नाताळानंतर आलेच नाहीत."

"एक लांब रंगीत पिशवी होती त्यांच्याजवळ."

ती बाई थांबली. तिच्या हातात आमची तिकिटं तशीच राहिली. "ते महाराज होते?" ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी गळ घेऊन मासे धरायला निघालंय. बर्फ पडत होता, टोपी खाली ओढलेली. खिडकीसमोर बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, आजोबा, बाजूला व्हा, मागे रांग आहे."

"अरे, तुझा सुभेदार तर..." नागपूरकरानं सुरुवात केली आणि माझं तोंड बघून मला रांगेतून बाजूला घेतलं. आम्ही वर गेलोच नाही. नागपूरकराला कोलोनच्या गाडीत बसवण्याआधी मी परत खिडकीशी गेलो आणि त्या बाईला म्हणालो, ते पुन्हा येतील. त्यांच्या खांद्याला काहीही असो, त्यांना विचारा. तिनं मान हलवली.

घरी सुभेदार स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी बूट पायात ठेवूनच आत गेलो आणि सगळं एका दमात बोललो. गवसणी तुमच्यासाठी नव्हती, माझ्या भीतीपोटी होती. ती काढून टाका. मला काही वाटणार नाही.

"आईनं शिवलेली वस्तू काढून टाकत नाहीत," ते म्हणाले.

"पण लोक आता विचारत नाहीत ना तुम्हाला."

"जा. विचारत नाहीत." त्यांनी बटाट्याचा डोळा कोरून काढला. "मला माहीत होतं, हेर डॉक्टर. तुम्हाला पासपोर्ट दाखवावा लागला, ते मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, बंदूक पिशवीत राहू दे. म्हणजे तुम्ही याल."

मला रडू आलं. मी रडलो. त्यांनी मला एक सुरी दिली आणि आम्ही दोघांनी सगळे बटाटे सोलले, दोन माणसांना लागतात त्याच्या तिप्पट.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. तोडगा असा काढला की गवसणी माझ्या खांद्याला, रिकामी, आणि बंदूक त्यांच्या, उघडी, नळीत फूल. केनिग्सविंटरच्या स्टेशनवर एक पोलीस आमच्याकडे यायला निघाला. तो पोचायच्या आधीच मी पासपोर्ट काढून हात पुढे केला. "थांबा," सुभेदार मला म्हणाले, "प्रथम माझा कागद." इतका आनंदी माणूस मी जर्मनीत पाहिला नव्हता. वर गेल्यावर ते नदीकडे पाठ करून उभे राहिले आणि मी त्यांच्याशेजारी, मीही पाठ करून.

गोष्ट इथे संपवली तर मी चांगला दिसतो. पण माझा प्रबंध रखडला होता. त्यानंतरच्या दीड वर्षात मी त्यांच्याबरोबर मोजून चार वेळा गेलो. निघताना ते जिन्याशी थांबायचे आणि मी वरून म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. बूट पुन्हा हातात आले नाहीत, तेवढं खरं. पुढे मी खराखुरा डॉक्टर झालो, रेगेन्सबर्गला नोकरी लागली, लग्नासाठी मिरजेला जाऊन आलो. बॉन सोडताना मी गवसणी त्यांच्या खुंटीला अडकवली. नव्या वर्षाला एकमेकांना कार्डं जायची. माझ्या कार्डावर दर वर्षी एक ओळ असायची, उन्हाळ्यात येतो म्हणून.

साठचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा एक पार्सल आलं. आत गवसणी होती, धुऊन इस्त्री केलेली, आणि तारांच्या खिशात तोच झिजलेला कागद. पाठवणारी ती तिकिटाच्या खिडकीतली बाई. तिनं लिहिलं होतं, महाराज फेब्रुवारीत गेले. तुमचा पत्ता त्यांच्या घरी तुमच्या कार्डांवर मिळाला. शेवटची दोन वर्षं बंदूक त्यांना पेलवत नव्हती, म्हणून ते नुसती पिशवीच खांद्याला लावून यायचे. तुम्ही सांगितलं होतं, म्हणून मी दर रविवारी विचारायचे, यात काय आहे. ते कागद दाखवायचे. मग भारतातल्या तुमच्या आईंबद्दल सांगायचे. आणि म्हणायचे, हेर डॉक्टर पुढच्या रविवारी येणार आहेत.

मी बायकोला पत्र वाचून दाखवायला गेलो, पण शेवटच्या ओळीशी अडलो. ती म्हणाली, "अहो, जाऊन तरी या." शनिवारी गाडी पकडली, रविवारी सकाळी केनिग्सविंटरला उतरलो. गवसणी खांद्याला होती. ऊन चांगलं पडलं होतं आणि गर्दी होती. माझी पाळी आली तेव्हा मी तिकीट मागितलं नाही. त्या बाईच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग गवसणीकडे, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "यात काय आहे?"

मी तारांच्या खिशातून कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढे धरला. पुढे काय सांगायचं ते मला येईना. मागे बरीच रांग होती, पण तिनं मला बाजूला व्हा म्हटलं नाही.